मुलांच्या रुग्णालयाचे अ‍ॅप, डिस्चार्ज समरी आणि आमचे डिचोलीचे डॉक्टर : काही महिन्यांच्या वापरानंतर

नेफ्रोटिक सिंड्रोम (मूत्रपिंडांतून प्रथिने लघवीत वाहून जाण्याचा आजार) असलेल्या मुलांच्या पालकांना सूज, पथ्य आणि स्टेरॉइडचे वेळापत्रक समजावून सांगण्याची गरज नसते, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आमच्या मुलीचे उपचार गोव्याबाहेरच्या, केवळ मुलांसाठी असलेल्या एका रुग्णालयात चालू आहेत आणि एरवीची देखरेख डिचोलीतील आमचे फॅमिली डॉक्टर करतात. रुग्णालयाच्या अ‍ॅपची वार्षिक योजना आम्ही घेतली, ती या दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरांमध्ये थेट समन्वय राहील या आश्वासनावर.

सुरुवातीला अ‍ॅपबद्दल माझे मत चांगले होते. तपासण्यांचे अहवाल त्याच दिवशी दिसत, घरी पट्टीने तपासलेल्या लघवीतील प्रथिनांची नोंद ठेवता येई आणि केवळ अहवाल दाखवण्यासाठी थिवीहून गाडी पकडावी लागत नसे. तिकिटांचे पैसे वाचणे ही आमच्या घरात लहान गोष्ट नाही.

हे मत पावसाळ्यात बदलले. सलग तीन दिवस पट्टीवर ३+, म्हणजे भरपूर प्रथिने दिसली, म्हणजे आजार उलटला. रुग्णालयाने अ‍ॅपवर पाठवलेल्या कागदावर ‘प्रेडनिसोलोन सिरप ९ मिली, रोज सकाळी’ एवढेच लिहिले होते. हे स्टेरॉइडचे सिरप ५ मिलीमध्ये ५ मिग्रॅ आणि ५ मिलीमध्ये १५ मिग्रॅ अशा दोन प्रकारांत मिळते, आणि कोणते घ्यावे हे त्या कागदावर कुठेही नव्हते. फार्मसीत साधे, म्हणजे कमी तीव्रतेचे सिरप मिळाले. आमच्या डिचोलीच्या डॉक्टरांनी बाटली उघडण्यापूर्वीच हिशेब मांडला : वजन १३.५ किलो, आजार उलटल्यावर किलोमागे २ मिग्रॅ, म्हणजे रोज २७ मिग्रॅ. जास्त तीव्रतेच्या सिरपचे ९ मिली बरोबर तेवढे भरतात. साध्याचे ९ मिली म्हणजे जेमतेम ९ मिग्रॅ, एक तृतीयांश मात्रा.

हिशेब बरोबर असला तरी तो रुग्णालयाकडून पक्का करून घेणे आवश्यक होते. डॉक्टरांनी स्वतः फोन लावला, तो स्वागतकक्षात गेला, आणि तिथून उत्तर आले की पालकांनी व्हिडिओ सल्ल्याची वेळ घ्यावी. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला विचारायच्या एका आकड्यासाठी आम्ही पूर्ण तपासणीचे शुल्क भरले. कागदाच्या माथ्यावर मुलीचा १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) ठळक छापलेला आहे, पण आमच्या डॉक्टरांचा दवाखाना केसपेपरवर चालतो, त्यामुळे त्या क्रमांकाचा त्यांना काडीचाही उपयोग नाही. मिलीच्या शेजारी मिग्रॅ लिहायला मात्र कोणतीही डिजिटल योजना लागत नाही. स्टेरॉइडची मोठी मात्रा चालू असताना कांजिण्यांसारखी जिवंत लस पुढे ढकलावी लागते, हेही आम्हाला तोंडी सांगितले गेले. लस देणाऱ्या डॉक्टरांच्या हाती पडणाऱ्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. तरीही माझा मुख्य राग त्या मिलीवरच आहे.

इथवर लिहून झाल्यावर रुग्णालयाचे उत्तर आले, त्यामुळे पुढचा भाग सौम्य आहे. तक्रारीनंतर त्यांनी कागदाचा नवा नमुना पाठवला असून त्यात औषधाची तीव्रता, मिग्रॅ, वजन, मात्रा कधी कमी करायची आणि कोणत्या लसी थांबवायच्या हे पहिल्याच पानावर आहे. त्याखाली केवळ डॉक्टरांसाठी एक क्रमांक दिला आहे. मला तो दिखावा वाटला होता, परंतु मुलीला ताप आला त्या संध्याकाळी आमच्या डॉक्टरांनी तो फिरवला आणि पलीकडून थेट मूत्रपिंडतज्ज्ञ बोलल्या. दोघांचे बोलणे पाच मिनिटांत संपले, कोणते प्रतिजैविक द्यायचे ते ठरले आणि आम्हाला एक पैसाही लागला नाही. वार्षिक योजनेकडून माझी अपेक्षा होती ती एवढीच.

एक अडचण अजून शिल्लक आहे. फॅमिली डॉक्टरांना जाणारा कागद कुलूपबंद असतो आणि त्याचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो. मी वेर्णे औद्योगिक वसाहतीत पाळीवर असतो आणि तिथे कामाच्या वेळी मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दवाखान्यात मुलीला घेऊन बसलेली असते ती तिची आई. गुप्ततेचे कारण मला मान्य आहे, पण ओटीपी डॉक्टरांच्या नोंदणीकृत क्रमांकावर पाठवला तर गुप्तता कशी भंगते, हे विचारूनही कोणी सांगितलेले नाही.

रुग्णालयातील उपचारांना पाचपैकी पाच, अ‍ॅपला सध्या तीन. योजनेचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे आणि ओटीपीची सोय झाल्याशिवाय मी ते करणार नाही. डॉक्टरांचा तो क्रमांक योजनेविनाही चालतो, हे मी विचारून घेतले आहे.