रोजच्या गाडीसाठी ०डब्ल्यू-२० सिंथेटिक ऑइल: तीन डबे वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, गाडी साधी आहे. होंडा अमेझ पेट्रोल, १.२ आय-व्हीटेक, बाणेरहून हिंजवडीला रोजचं जाणं-येणं आणि अधूनमधून कोकण नाहीतर सातारा. रिमॅप नाही, रेसिंग नाही, काही नाही. अशा गाडीत कुठलं सिंथेटिक इंजिन ऑइल टाकायचं यावर लोक इतकी भांडतात की बघत बसावं. मी आत्तापर्यंत कंपनीचं जेन्युइन ऑइल, मोबिल वन आणि शेल हेलिक्स अल्ट्रा असे तिन्ही वापरलेत, तिन्ही ०डब्ल्यू-२०, म्हणजे काउंटरवर ज्याला झिरो डब्ल्यू ट्वेंटी म्हणतात ते. घाईत असणाऱ्यांसाठी निकाल इथेच देतो: तिन्ही चांगले आहेत, गाडी चालवताना तिघांतला फरक मला कळलेला नाही, आणि ब्रँडपेक्षा मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेड (म्हणजे ०डब्ल्यू-२० सारखा जाडीचा आकडा) आणि डबा खरा आहे की नाही या दोन गोष्टी कितीतरी जास्त महत्त्वाच्या आहेत. ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा.

आमच्या भागातला मेकॅनिक हाताचा एकदम चांगला, सस्पेन्शनचं काम त्याच्याइतकं नीट कोणी करत नाही, पण ऑइलचा विषय निघाला की वाक्य ठरलेलं, "साहेब, हे पाण्यासारखं पातळ ऑइल थंड देशातलं आहे, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात नाही टिकायचं, फोर्टी टाका बिनधास्त." ऐकायला पटतं आणि निम्मं पुणे याच हिशोबाने ऑइल टाकतं. पण गंमत अशी आहे की डब्यावरचा दुसरा आकडा, म्हणजे २०, ३०, ४०, हा बाहेरच्या उन्हाचा नाहीच, तो १०० डिग्रीला ऑइल किती जाड राहतं त्याचा आहे. २० ग्रेड म्हणजे १०० डिग्रीला ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक), ३० म्हणजे ९.३ ते १२.५ आणि ४० म्हणजे १२.५ ते १६.३. आता इंजिन एकदा गरम झालं की थर्मोस्टॅट कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) साधारण ९० डिग्रीच्या आसपास धरून ठेवतो, ऑइल त्याच्या थोडं खालीवर, मग बाहेर डिसेंबरातली थंडी असो की मे महिन्यातलं बेचाळीस असो, आतल्या ऑइलला फारसा फरक पडत नाही. पहिला आकडा थंडीचा, ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ डिग्रीला होते आणि ५डब्ल्यूची उणे ३० ला. पुण्यात एवढी थंडी कधी पडणार नाही हे मान्य, पण सकाळी दहा डिग्रीला हेच "पाण्यासारखं" ऑइल गरम इंजिनात असतं त्याच्या पंधरा-वीस पट तरी जाड असतं, आणि इंजिनची झीज जास्त होते ती याच वेळी, स्टार्ट केल्यावर ऑइल वरपर्यंत पोचेस्तोवर. म्हणजे सकाळी तर ते पातळ असलेलंच बरं.

दुसरं म्हणजे आय-व्हीटेकची व्हॉल्व्हची सिस्टीम ऑइलच्या प्रेशरवर चालते, आतले मार्ग बारीक, पंप आणि बेअरिंगमधली फट सगळं ठरावीक जाडीचं ऑइल धरून बनवलेलं. ४० टाकलं तर इंजिन दुसऱ्या दिवशी बसेल असं अजिबात नाही, चालेल, लोकांच्या चालतात, पण एखाद-दोन टक्के ॲव्हरेज जाणार आणि सकाळी जरा जड वाटणार, आणि बदल्यात काय मिळणार तर मेकॅनिकची शाबासकी. उलटंही तितकंच खरं आहे हां. तुमच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर ॲव्हरेजच्या लोभाने झिरो ट्वेंटी टाकू नका, कारण गरम आणि प्रचंड दाबाखाली ऑइलचा थर किती टिकतो त्याचा जो एचटीएचएस नावाचा आकडा असतो तो २० ग्रेडला किमान २.६ आणि ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५ आहे, आणि ज्या इंजिनला ३.५ लागतो त्याला लागतोच. डिझेलवाल्यांनी तर हा रिव्ह्यू वाचून काहीच ठरवू नका, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला कमी राखेचं सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं ऑइल लागतं, चुकीचं टाकलं तर फिल्टर हळूहळू चोक होत जातो आणि त्याचं बिल बघून घाम फुटतो.

आता सिंथेटिक म्हणजे नेमकं काय, यावर फार वेळ घालवू नये असं माझं मत झालंय. खरं पीएओवालं (रसायनांपासून कारखान्यात बनवलेलं तेल), म्हणजे ग्रुप फोर, हेच खरं सिंथेटिक, बाकी ग्रुप थ्री म्हणजे रिफाइन केलेलं क्रूडच, असं सांगणारे बरेच भेटतात. हा वाद जुना आहे, अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध हीच तक्रार नेली होती आणि १९९९ मध्ये तिथल्या जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निकाल दिला, तेव्हापासून ग्रुप थ्रीच्या डब्यावरही बिनदिक्कत फुली सिंथेटिक छापतात. शेल तर अल्ट्राचं बेस ऑइल नैसर्गिक वायूपासून बनवते, कतारला त्यांचा पर्ल नावाचा प्लांट आहे. माझ्या दहा-बारा किलोमीटरच्या ट्रॅफिकला यातल्या कशाने काय फरक पडणार? मी डब्याच्या मागे एपीआय एसपी लिहिलंय का ते बघतो. एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेचं २०२० मध्ये आलेलं स्टँडर्ड आहे, टायमिंग चेनची झीज आणि टर्बो इंजिनात होणारं अवेळी प्रज्वलन यासाठी त्यात वेगळ्या चाचण्या घातल्यात. माझ्या गाडीला टर्बो नाही, पण एसएन हे आधीचं स्टँडर्ड मागणाऱ्या गाडीला एसपी बिनधास्त चालतं. आता २०२५ पासून एसक्यू पण आलंय, ते मिळालं तर आणखी छान, नाही मिळालं म्हणून दुकानं पालथी घालत बसायची गरज नाही. आणि "सिंथेटिक टेक्नॉलॉजी" किंवा "सिंथेटिक ब्लेंड" असं लिहिलेलं असेल तर ते बहुधा सेमी सिंथेटिक, त्यात सिंथेटिक किती टाकायचं याचं काही बंधन नाही, तेव्हा फुली सिंथेटिकच्या भावात ते घेऊ नका.

तर तिन्ही डब्यांविषयी. कंपनीचं जेन्युइन ऑइल होतं वॉरंटी चालू असताना, सर्व्हिस सेंटरलाच भरायचं, काही विचार करायचा नाही, इंजिन गुळगुळीत, वर्षभरात डिपस्टिकवर (ऑइल किती आहे ते बघायची पट्टी) लेव्हल जरा खाली आलेली पण टॉप-अप करावं लागलं नाही. लोक याला नावं ठेवतात की साधं आहे म्हणून, पण ग्रेड तोच, स्टँडर्ड तेच, आणि तिघांत स्वस्त पण हेच पडलं. मोबिल वन टाकलं तेव्हा पहिला आठवडा वाटलं की सकाळी स्टार्टला टकटक कमी झालीय, मित्राला बसवून ऐकवलं, त्याला काही कळलं नाही, मग मलाही कळेनासं झालं. नवीन ऑइल कुठलंही टाका, पहिले काही दिवस गाडी मऊच वाटते, कारण आपण जुनं थकलेलं ऑइल काढून टाकलेलं असतं, त्यामुळे "टाकल्या टाकल्या फरक जाणवला" असल्या रिव्ह्यूवर मी आता विश्वास ठेवत नाही. मोबिल वनचं मला खरं आवडलं ते लांबच्या प्रवासात, उन्हाळ्यात एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन आंबोली चढलो, नंतर डिपस्टिक काढली तर लेव्हल जागच्या जागी. शेल अल्ट्राचंही तसंच, आणि ऑइल काढताना ते बऱ्यापैकी सुट्टं वाहत होतं, फिलर कॅपखालचा, म्हणजे ऑइल भरायच्या झाकणाखालचा भाग स्वच्छ होता. ऑइल काळं झालं होतं, पण काळं होणं हा दोष नाही, डिटर्जंट आतली घाण धरून ठेवतंय म्हणून काळं होतं. ॲव्हरेज तिन्हींवर सारखंच, ट्रॅफिक कसं लागलं यावरच ते जास्त हलतं. पाचपैकी मार्क द्यायचे तर मोबिल आणि शेलला साडेचार, कंपनीच्या डब्याला पण साडेचार, आणि स्वस्त म्हणून तोच पुढे.

मग महागडं घेऊन ऑइल बदलायचे किलोमीटर वाढवता येतात का, हा पुढचा प्रश्न. पंधरा हजार, वीस हजार किलोमीटर चालतं असं दुकानदार सांगतात. हायवेवर सलग पळणाऱ्या गाडीचं मला माहीत नाही, त्यांनी त्यांचं बघावं, पण शहरातल्या गाडीचा हिशोब किलोमीटरने करूच नये. हिंजवडीच्या फेज थ्रीपर्यंत पोचायला तास लागतो तेव्हा ओडोमीटर दहाच दाखवतो पण इंजिन तासभर फिरलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे भाजी आणायला दीड किलोमीटर, मुलांना सोडायला दोन किलोमीटर. ऑइल पुरतं गरम होतच नाही, मग आतली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच मुरत राहतं. पावसाळ्यात फिलर कॅप उघडून बघा, आतून पांढरट चिकट मलईसारखा थर दिसला तर लगेच हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) गेलं म्हणून घाबरू नका, बऱ्याचदा ते हेच असतं, एकदा हायवेला तासभर गाडी नीट गरम करून आणली की जातं, नाही गेलं किंवा कूलंट कमी होत असेल तर मात्र दाखवून घ्या. म्हणून कंपनीने सांगितलेलं दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते. माझं वर्षच आधी येतं. गाडी सहा हजारच चालली म्हणून दोन वर्षं ओढायची हे करू नका, त्यात सिंथेटिकची सगळी किंमत वाया जाते.

विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवायचे. नकली ऑइलचा धंदा मोठा आहे, ब्रँडेड रिकामे डबे भंगारातून उचलतात, भरतात, सील मारतात. नाना पेठेत स्पेअर पार्टची चिक्कार दुकानं आहेत, तिथे ओळखीच्या दुकानातून किंवा कंपनीच्या डीलरकडूनच घ्या, झाकणाची रिंग अखंड आहे का, डब्यावर आणि खोक्यावर बॅच नंबर जुळतो का, क्यूआर कोड असला तर तो कंपनीच्याच साइटवर उघडतो का, एवढं बघा. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेता कोण आहे ते वाचा, निम्म्या भावात मिळतंय म्हणजे काहीतरी गडबड आहे. आणि गॅरेजमध्ये ड्रममधलं सुटं ऑइल टाकू देऊ नका, त्यातलं बरंचसं २०डब्ल्यू-४० असतं, ट्रकपासून रिक्षापर्यंत सगळ्यांना तेच. एका सर्व्हिस सेंटरने (नाव नको) माझ्या बिलात सिंथेटिक लावलं होतं आणि काम करणाऱ्या मुलाच्या हातात ड्रमची नळी, विचारलं तर म्हणे "सर तेच आहे". तेव्हापासून डबा मी घेऊन जातो, समोर सील फोडायला लावतो आणि रिकामा डबा सळईने भोक पाडून मगच टाकतो, म्हणजे तो पुन्हा बाजारात यायला नको. इंजिन फ्लश, ऑइल ॲडिटिव्ह, डिकार्बनायझेशन असली जी यादी पुढे करतात त्याला सरळ नको म्हणा, ऑइलमध्ये जे काही घालायचं ते बनवणाऱ्याने आधीच मोजून घातलेलं असतं, वरून बाटली ओतून ते बिघडायचीच शक्यता जास्त. वॉरंटी असेल तर ऑइलचं आणि लेबरचं पक्कं बिल ठेवा.

शेवटचं काम भरण्याचं. ऑइलबरोबर फिल्टर बदलायचाच, त्यात पैसे वाचवायचे नाहीत, आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन, वीस-पंचवीस रुपयांची वस्तू असते ती. साडेतीन लिटरचा डबा माझ्या गाडीला पुरून किंचित उरतो पण मेकॅनिकला सगळा डबा उलटा करायची भयंकर हौस असते, तेव्हा तिथेच उभं राहायचं, थोडं कमी भरून इंजिन दोन मिनिटं चालू करायचं, बंद करून पाच मिनिटं थांबायचं, सपाट जागेवर डिपस्टिक बघायची आणि मग मॅक्सच्या खुणेच्या जरा खालपर्यंत आणायचं. मॅक्सच्या वर गेलं तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करतो, ते कमी असण्याइतकंच वाईट. उरलेलं ऑइल झाकण घट्ट लावून घरी ठेवतो, पुढच्या वर्षभरात कधी लागलं तर तेच टॉप-अपला.