प्लाझ्मा एक्स्चेंज की आयव्हीआयजी: आम्ही काय निवडलं

मेंदूच्या ऑटोइम्यून सुजेचं (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, त्या आजाराचं) निदान झालंय, स्टेरॉइड सुरू आहे आणि डॉक्टर विचारताहेत, "जोडीला काय देऊया?" इथवर आलेल्या घरांसाठी हे लिहितोय. इंदूरला माझ्या धाकट्या बहिणीला एनएमडीए रिसेप्टर या मेंदूच्या पेशींवरच्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी निघाली, २००७ साली मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप दालमाऊ यांच्या गटाने ओळखलेली. तिच्यासाठी आम्ही दोन्ही उपाय पाहिले.

प्लाझ्मा एक्स्चेंजचा विचार मनाला लगेच पटतो. त्रास देणाऱ्या अँटिबॉडी रक्तातून गाळून टाकायच्या, बदल्यात अल्ब्युमिन भरायचं. दिवसाआड साधारण पाच वेळा. आम्हाला मिळालेल्या अंदाजात ते स्वस्तही होतं, म्हणून आधी तेच घेतलं.

अडलं ते मानेतल्या नळीपाशी. पेनच्या रिफिलपेक्षा जाड, टाका घालून बसवलेली. या आजारात माणूस आपल्या ताब्यात नसतो. बहिणीला झोप नव्हती, ओठ सारखे हलत होते आणि हात फिरून फिरून त्या नळीवरच जायचा. शेवटी मऊ पट्टीने मनगटं खाटेच्या कठड्याला बांधली. दुसऱ्या वेळी बीपी एकदम उतरलं, मशीन मध्येच थांबवावं लागलं. त्याच रात्री तिने एक हात सोडवला आणि नळी ओढून काढली. सिस्टर मानेवर बोळा दाबून कितीतरी वेळ उभ्या होत्या आणि आई तिच्या कानाशी, "बाळा, मी आहे गं," एवढंच म्हणत राहिली. पुन्हा नळी घालायला आमच्यापैकी कोणाचंच मन धजेना.

मग आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी शिरेतून द्यायच्या. किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. तिचं वजन ५० किलो, म्हणजे पाच-पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या. खिशाला हे जड गेलं, लपवत नाही. पण सुई हाताच्या साध्या शिरेत. ती निघाली तर दुसरी लावली, संपलं. बाटली हलवली की फेस येतो, म्हणून सिस्टर ती तळव्यांत हळूच फिरवायच्या आणि थेंब अगदी सावकाश सुरू करायच्या. दुसऱ्या दिवशी डोकं खूप दुखलं, वेग कमी केल्यावर उतरलं. मनगटाच्या पट्ट्या त्या आठवड्यात सुटल्या. ते औषधामुळे की नळी नसल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

तुमचा पेशंट शांत असेल, बीपी-नाडी स्थिर असेल, तर प्लाझ्मा एक्स्चेंज कदाचित उत्तम ठरेल. वय जास्त असेल, मूत्रपिंड नाजूक असेल किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेला असेल, तर आयव्हीआयजीबद्दल दोनदा विचारा. पण हात नळीकडे जाणारा पेशंट असेल, तर मी आयव्हीआयजीच म्हणेन.

दोन गोष्टी मात्र आधी करून घ्या. अँटिबॉडीच्या तपासणीचं रक्त आणि पाठीतलं पाणी पहिली बाटली लागण्याआधी काढा, कारण त्या औषधात हजारो दात्यांच्या अँटिबॉडी असतात आणि रिपोर्ट गोंधळू शकतो. मुलगी किंवा बाई असेल तर अंडाशयाची सोनोग्राफी किंवा एमआरआय मागून घ्या. तिथे टेराटोमाची गाठ असली, तर ती काढल्याशिवाय या दोन्हींचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. आणि दोन्ही उपाय करायची वेळ आली, तर प्लाझ्मा एक्स्चेंज आधी. उलट केलं तर एवढ्या महागाची आयव्हीआयजी मशीनमधून गाळली जाते.