स्वाहिली शिकायचं अ‍ॅप, फ्रेझबुक आणि जुन्या टेप्स: दार-ए-सलाममध्ये काही महिने वापरल्यानंतर

कामानिमित्त टांझानियातल्या दार-ए-सलामला आले तेव्हा ठरवलं होतं की प्रवासापुरतं तरी स्वाहिली यायलाच हवं, कारण ऑफिसात इंग्लिश चालतं आणि शहरातल्या जुन्या गुजराती दुकानांत हिंदीवर भागतं पण बसमध्ये चढलात की दोन्ही संपलं. मग तीन गोष्टी वापरल्या. एक फुकटचं अ‍ॅप, एक खिशात मावणारं फ्रेझबुक, आणि अमेरिकेच्या फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचा साठच्या दशकातला स्वाहिली कोर्स, जो ऑडिओसकट नेटवर फुकट मिळतो.

अ‍ॅपचं आधी सांगते. पहिले काही आठवडे भारी वाटतं, आकडे, फळं, आई-बाबा-शिक्षक सगळं पटापट जमतं आणि रोजची हजेरी लागल्याचं समाधान. उच्चारांचा तर आपल्याला त्रासच नाही, जसं लिहितात तसं वाचायचं आणि जोर जवळजवळ कायम शेवटून दुसऱ्या अक्षरावर. मी तर वही देवनागरीतच लिहिते. पण ज्या एका शब्दावर इथे रोजचं येणं-जाणं चालतं तो 'शुशा' त्या अ‍ॅपमध्ये मला कुठेच सापडला नाही. डालाडाला म्हणजे इथली गच्च भरलेली मिनीबस, त्यातला कंडक्टर म्हणजे कोंडा, आणि आपला स्टॉप आला की मागून ओरडायचं, "कोंडा, शुशा!", म्हणजे उतरव बाबा. नुसतं "नाशुका" म्हणजे उतरतेय असं म्हटलं तरी चालतं, पण मोठ्याने म्हणा, गाण्यांचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा असतो. अ‍ॅपला पाचपैकी दोन.

फ्रेझबुकची गंमत वेगळीच आहे. त्यात प्रश्न एकदम झकास दिलेत. "कितुओ चा बासी किको वापी?", बसस्टॉप कुठे आहे. पाठ करून विचारलं की समोरच्याला वाटतं हिला स्वाहिली येतं, आणि तो अर्धा मिनिट धबधब्यासारखा बोलतो. त्यातलं 'कुशोटो' म्हणजे डावीकडे, 'कुलिया' उजवीकडे आणि 'मोजा क्वा मोजा' म्हणजे सरळ, एवढंच काय ते हाती लागतं. पुस्तकं प्रश्न विचारायला शिकवतात, उत्तर समजायला नाही, माझी मेन तक्रार हीच. मग मी कुठेचे प्रश्न सोडूनच दिले आणि हो-नाहीचे धरले. "हिइ इनाएंडा कारियाको?", ही कारियाकोला जाते का? उत्तर 'न्डियो' किंवा 'हापाना', विषय संपला. (व्याकरणवाले म्हणतील बासीला 'हिइ' नाही 'हिली' लागतं, नामांचे वर्ग वेगळे असतात वगैरे. बरोबर आहे त्यांचं. पण कोंडाला काही फरक पडत नाही.)

याच कारणाने जोडीजोडीने येणारे शब्द सगळ्यात जास्त उपयोगी पडले, म्हणजे ज्यांचं उत्तर ठरलेलं असतं. वयाने मोठं कोणी दिसलं की 'शिकामो', ते म्हणणार 'मराहाबा'. बरोबरीच्याने 'माम्बो' म्हटलं की 'पोआ'. 'हबारी?' ला 'न्झुरी', आणि हे न्झुरी म्हणजे छान, हे बस बंद पडून दोन तास रस्त्यावर उभं असाल तरी आधी म्हणायचंच, रडगाणं त्यानंतर. कोणाच्या दारात गेलात तर 'होडी', आतून 'कारिबू'. आणि हे नुसते मॅनर्स नाहीत बरं का, इथे नमस्कार-चमत्कार न करता थेट पत्ता विचारणं उद्धटपणा समजतात. मागतानाही पुस्तकातलं 'नाटाका' म्हणजे मला हवंय, हे टाळा, 'नाओंबा' म्हणा, "नाओंबा माजी" म्हणजे पाणी द्याल का.

मराठी माणसासाठी एक स्पेशल वॉर्निंग. इथे 'दादा' म्हणजे ताई, आणि भावाला म्हणतात 'काका'. त्यामुळे बजाजीवाल्याला (रिक्षाला इथे बजाजीच म्हणतात, आकुर्डीवाल्यांनी कॉलर टाइट करावी) सवयीने दादा म्हटलं तर तो आजूबाजूला बघतो की बाई कोणाशी बोलतेय.

वेळेचं प्रकरण मात्र तिन्ही ठिकाणी एका चौकटीत उरकलंय आणि खरं तर तिकीट काढताना सगळ्यात महाग पडू शकतं ते हेच. स्वाहिलीत दिवस उजाडल्यापासून तास मोजतात, म्हणजे सकाळचे सात वाजले की 'सा मोजा', पहिला तास. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्योदय वर्षभर थोडाफारच इकडेतिकडे होतो, म्हणून हा हिशोब जमतो. काउंटरवरच्याने 'सा म्बिली असुबुही' म्हटलं तर म्बिली म्हणजे दोन असलं तरी गाडी सकाळी आठची. सोपी युक्ती अशी की घड्याळात जो आकडा ऐकला त्याच्या बरोबर समोरचा आकडा बघायचा, दोनच्या समोर आठ, बारासमोर सहा. तरीही कन्फर्म करायचंच, कारण परदेशी चेहरा बघून काही लोक स्वतःहून इंग्लिश वेळ सांगतात आणि मग कोणाची वेळ कोणती ते कळत नाही.

2024 मध्ये सुरू झालेल्या दार-मोरोगोरो-डोडोमा या इलेक्ट्रिक ट्रेनने (सगळे एसजीआर म्हणतात) जाणार असाल तर खरं सांगू, फार स्वाहिली लागत नाही. सीट नंबर बघा आणि बसा. खरी शाळा लांब पल्ल्याच्या बसमध्ये. म्बेझीच्या मागुफुली टर्मिनलवरून अरुशाची बस धरली की चालिन्झे, कोरोग्वे, मोशी करत जवळजवळ अख्खा दिवस जातो. खिडकीशी शेंगदाणेवाले 'कारांगा', काजूवाले 'कोरोशो' ओरडत येतात, त्यांना 'बेइ गानी?' विचारा, आणि 'पुंगुझा किडोगो', थोडं कमी करा. मध्येच कंडक्टर सांगतो 'कुचिंबा डावा', शब्दशः औषध खणायला, आणि लोक उतरून झाडीत जातात. म्हणजे लघवीचा ब्रेक! हे एकाही पुस्तकात नव्हतं, शेजारच्या मावशींनी हसत हसत खुणेने समजावलं. आलो का, म्हणजे 'टुमेफिका?' असं विचारलं की ठरलेलं उत्तर 'बाडो', अजून नाही. आणि उतरल्यावर भेटेल तो म्हणतो 'पोले ना सफारी', प्रवासात दमला असाल ना, त्याला फक्त 'असांते' म्हणायचं.

आता त्या जुन्या टेप्स. त्यात चित्रं नाहीत, बक्षिसं नाहीत, एकच वाक्य घेऊन त्यातला एकेक शब्द बदलत घोटून घेतात. आमच्या लहानपणी पाढे म्हणून घ्यायचे तसंच. पण निनाक्वेंडा, निटाक्वेंडा, निलिक्वेंडा म्हणजे जातेय, जाईन, गेले, यातला मधला तुकडा बदलला की काळ बदलतो हे कानात बसलं ते यानेच, आणि मुख्य म्हणजे समोरचा माणूस नेहमीच्या स्पीडने बोलला तरी कान थांबत नाही. मी भांडी घासताना लावायचे. याला साडेचार, अर्धा कापला कारण त्यात बजाजी, बोडाबोडा (भाड्याची मोटरसायकल) किंवा म्वेंडोकासी (2016 पासूनची इथली बीआरटी, म्हणजे वेगळ्या राखीव रस्त्यावरून धावणारी बस) कुठून असणार, तेव्हा ते नव्हतंच.

आणि हो, हे सगळं टांझानियाचं. नैरोबीला जाणार असाल तर डालाडाला नाही मटाटू, बजाजी नाही टुकटुक, आणि तरुण पोरं शेंग नावाचं इंग्लिश-स्वाहिलीचं मिक्स बोलतात ज्यात माझे सगळे पाठ फेल आहेत. 'हाकुना मटाटा' मात्र दोन्हीकडे टुरिस्टांसाठीच जास्त राखून ठेवलेलं दिसतं, दारमध्ये काळजी नको म्हणायचं तर 'हामना शिडा' म्हणा, भाव पण जरा कमी लागतो.