ग्रां आबी की रोब आ ला फ्रांसेझ?

दोन्ही बायकांचे फ्रेंच पोशाख, दोन्ही 18व्या शतकातले, पण घालणारीचे हाल बघितले तर जमीन-अस्मानाचा फरक. ग्रां आबी म्हणजे व्हर्सायच्या, म्हणजे फ्रेंच राजाच्या, दरबारातला ड्रेस, चोळीतच ताठ पट्ट्या शिवलेल्या, नाडी पाठीमागे म्हणजे स्वतःची स्वतःला बांधताच येणार नाही, वर खांदे उघडे आणि मागे लांबलचक शेपूट वेगळं जोडलेलं. रोब आ ला फ्रांसेझ त्यामानाने बरा, तो पुढून उघडा, अंग आवळणारी कॉर्सेट आत वेगळी, आणि पाठीवर मानेपासून जमिनीपर्यंत सोडलेल्या त्या रुंद चुण्या, आहाहा! ह्यांना नंतर वातो ह्या चित्रकाराचं नाव चिकटलं. घागरा कमरेला दोन्हीकडे फुगवणारा सांगाडा, पॅनिए, मात्र दोन्हीत, त्यामुळे दारातून आडवंच जायचं :) मला विचाराल तर चुण्याच.