पक्षाघाताची लक्षणे ओळखण्याची कार्यशाळा : शिकवणे उत्तम, आखणी सदोष

आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाने एका खासगी रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागाकडून ही मोफत कार्यशाळा करवून घेतली. अशा कार्यक्रमांतून बहुधा चहा-बिस्किटे आणि तपासणीची कूपने एवढेच हाती लागते. येथे मात्र निवासी डॉक्टरांनी आणि परिचारिकेने भाषण आवरते घेऊन थेट प्रात्यक्षिकच करवून घेतले.

दात दिसतील असे हसायला सांगायचे आणि तोंडाचा एखादा कोपरा खाली ओघळतो का ते पाहायचे, एखादे साधे वाक्य पुन्हा म्हणायला लावायचे, हे अनेकांनी ऐकलेले असते. हातांची चाचणी मात्र बहुतेकांना नवी होती. दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर समोर धरून, तळवे वर करून आणि डोळे मिटून सावकाश दहा आकडे मोजायचे. दुर्बल झालेला हात तेवढ्यात खाली येऊ लागतो व त्याचा तळवा आत वळतो. परिचारिकेने हे इतके हुबेहूब करून दाखवले की मागच्या रांगेतील कुजबुजही थांबली. अचानक तोल जाणे, एका डोळ्याने दिसेनासे होणे आणि कधी नव्हे इतके तीव्र डोके दुखणे, हीही लक्षणे सांगितली गेली. पक्षाघातात पुष्कळदा काहीच दुखत नाही आणि म्हणूनच माणसे ‘जरा पडून राहतो’ म्हणत वेळ घालवतात, हा मुद्दा डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा मांडला. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले, तरी पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका असल्याने त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

वेळेविषयीचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि हे तास रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. सकाळी उठल्यावर तोंड वाकडे दिसले, तर रात्री झोपण्याची वेळ धरली जाते. सीटी स्कॅनशिवाय गुठळी आहे की रक्तस्राव हे कळत नसल्याने घरी ॲस्पिरिन देऊ नये, आणि गिळण्यावरही परिणाम झालेला असू शकतो म्हणून पाणीसुद्धा पाजू नये.

उणिवाही सांगायला हव्यात. परिसरातील कोणत्या रुग्णालयांत रात्री-अपरात्री सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन मिळते, ही माहिती मिळाली नाही. १०८ क्रमांकाचा उल्लेख ओझरता झाला आणि हाती पडलेल्या पत्रकावर केवळ त्या रुग्णालयाचाच दूरध्वनी होता. शेवटचा बराच वेळ आरोग्य तपासणीच्या पॅकेजांनी खाल्ल्यामुळे प्रश्नोत्तरे उरकली गेली.

एक चूक आमच्या संघाची. कामाच्या दिवशी सकाळी कार्यक्रम ठेवल्याने सभागृहात सगळे सत्तरीपुढचेच होते. आपल्याला झटका येतो आहे हे पुष्कळदा रुग्णाला स्वतःला उमगत नाही. ते सुनेला, नातवाला, स्वयंपाकाच्या मावशींना किंवा वॉचमनला दिसते. इतर सोसायट्यांनी ही कार्यशाळा अवश्य ठेवावी, पण रविवारी संध्याकाळी, या सर्वांना बोलावून, आणि पॅकेजांचा भाग वगळण्याचे आधीच ठरवून घेऊन.