एक चाक अधांतरी: १:८७ चं रेझिन ट्रक किट, दिवाळी ते जून

मे महिन्यात या खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढ्या मॉडेल ट्रकची चेसिस वाकली नसती तर हे लिहायचा कंटाळाच केला असता. आमचा लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेचा मांडलेला देखावा, वरच्या पत्र्याच्या खोलीत, आणि भुसावळचा मे काय असतो ते मी सांगायला नको. नुसत्या उभ्या ठेवलेल्या ट्रकची चेसिस दोन्ही एक्सलच्या मधोमध झोळीसारखी लोंबली. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, थंड जागी ठेवा." भुसावळात मे महिन्यात थंड जागा एकच, फ्रीज, आणि तिथे ट्रक उभा करायची परवानगी घरातून मिळणं अवघड. बदलून देणार का विचारलं, तर पुढे शांतता. साडेसहाशे रुपये, वर कुरिअरचे नव्वद.

पण माझं खरं भांडण वाकण्याशी नाहीच, चाकाशी आहे. डबा उघडल्या दिवसापासून पुढचं डावं चाक जमिनीला टेकत नव्हतं. काचेवर ठेवा, खालून कागद आरपार जातो. म्हणाल, केसभर तर फट आहे. असेल, पण माझा ट्रक फाटकाशी उभा आहे, अगदी डोळ्यांच्या पातळीवर. मालगाडी येते, फाटक पडतं, आणि केळीने भरलेला ट्रक एक पाय वर करून उभा! एवढा माल भरल्यावर पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, चाक उचलत नाही.

आता उलटी बाजू. किटचं नक्षीकाम खरोखर उत्तम आहे. पाटे एकेक मोजून घ्या, फाळक्याच्या कड्यासुद्धा आहेत. हर्पा, विकिंग या कंपन्यांचे तयार मॉडेल ट्रक सुरेख असतात, पण ते जर्मन. सावद्याच्या रस्त्यावर शोभतील का? आणि १:७६ चा ट्रक एचओ, म्हणजे १:८७ च्या, इंजिनाशेजारी उभा केला की अंगाने मोठा दिसतोच.

चेसिस शेवटी घरीच सरळ केली. गरम पाण्यात बुडवली, मऊ झाल्यावर काचेवर दाबून धरली, लगेच गार पाणी. थ्रीडी छपाईनंतर यूव्ही प्रकाशाखाली पुरतं न पिकवलेलं (कडक न केलेलं) रेझिन उकाड्यात असंच दगा देतं. नंतर पोटाखालून पितळी तार चिकटवली, तेव्हापासून वाकलेली नाही. तार हातात होतीच, म्हणून पुढचा एक्सलही तिचाच केला आणि त्याचं भोक वर-खाली किंचित लांबट कोरलं. आता एक्सल मधल्या टेकूवर डुलतो आणि सहाही चाकं टेकतात. हे भोक विक्रेत्याने आधीच लांबट छापलं असतं तर खर्च शून्य होता. हा राग जात नाही.

सजावटीबद्दल थोडक्यात. काचांना फेविक्विक लावू नका, पांढरी वाफ धरते, फेविकॉल पुरतो. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) इंकजेटवर काढणार असाल तर पांढरा डेकल कागद घ्या, कारण प्रिंटर पांढरं छापत नाही आणि पारदर्शक कागदावरचं पिवळं 'हॉर्न ओके प्लीज' गडद फाळक्यावर मरतं. वरून लॅकर मारल्याशिवाय पाण्यात बुडवू नका, शाई पळते. एम एच १९ ची पिवळी पाटी मात्र पहिल्याच फटक्यात बसली.

केळी जिऱ्याची करणार होतो, आकार हुबेहूब. पण ८७ ने गुणलं तर एकेक केळं जवळपास दीड फुटाचं! मग तीळ घेतले, हिरवा रंग दिला, फेविकॉलने घड बांधले. वार्निश लावा, नाहीतर मुंग्या माल उतरवतात.

तीन तारे. दोन नक्षीकामाचे, एक तिळाच्या केळांचा, म्हणजे तो माझाच. दुसरा ट्रक मागवणार आहे, पण त्यांच्याकडे चाकांशिवायचं किट एकशेऐंशी रुपयांनी स्वस्त मिळतं, ते. चाकं जुन्या खेळण्यांची काढून ठेवली आहेत, तार अजून हातभर शिल्लक आहे.