पीसीआरई२ : सात महिन्यांचा वापर आणि उरलेले कास्ट

सर्व्हरच्या लॉग फाइली चाळणारा माझा छोटा सी प्रोग्राम जुन्या पीसीआरईवर, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुने शोधणाऱ्या लायब्ररीवर, चालत असे. २०२१ मधली ८.४५ ही त्या मालिकेची शेवटची आवृत्ती असल्याने गेले सात महिने मी पीसीआरई२ ही तिची नवी मालिका वापरतो आहे. वेगाबद्दल लिहिण्याजोगे काही नाही, जेआयटी (नमुना थेट यंत्रभाषेत उतरवून जुळणी वेगवान करणारी सोय) दोन्हींत आहे. फरक जाणवला तो टाइपांत, म्हणजे किंमती कोणत्या प्रकारच्या चलात ठेवल्या जातात त्यात.

जुन्या लायब्ररीत मजकुराची लांबी आणि जुळणीचे ऑफसेट (मजकुरातली सुरुवात-शेवटाची स्थाने) हे सगळे इंट (ऋण किंमतही घेणारा पूर्णांक) असल्याने लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनचे उत्तर दर वेळी कास्ट करावे, म्हणजे सक्तीने दुसऱ्या टाइपात बदलावे, लागे. पीसीआरई२ मध्ये दोन्ही साइझ_टी (ऋण न होणारा पूर्णांक, स्ट्रलेनही हाच देते) आहेत, त्यामुळे हे कास्ट मी उत्साहाने पुसत सुटलो आणि तिथेच फसलो. नमुन्यातला ऐच्छिक गट (असला-नसला तरी चालणारा भाग) जुळला नाही तर पूर्वी ऑफसेट उणे एक येई. आता साइझ_टीची कमाल किंमत येते. स्थलांतराच्या पहिल्या फेरीत मी ऑफसेट इंटमध्ये कास्ट करून ठेवले होते, आणि ती कमाल किंमत इंटमध्ये कापली जाऊन योगायोगाने पुन्हा उणे एकच होत असल्याने 'शून्यापेक्षा कमी' ही जुनी तपासणी चालून जात होती. कास्ट काढून चलही साइझ_टी केल्यावर ती कधीच खरी ठरेना. शेवटातून सुरुवात वजा केली की लांबी शून्य येई, म्हणून काही बिघडलेही दिसत नव्हते. पोर्ट क्रमांक नसलेल्या एका ओळीपुढे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ हे स्थान छापून आले तेव्हा चूक कळली. कधीच खरी न ठरणारी अशी तपासणी जीसीसी हा कंपायलर दाखवतो, पण वॉल या वॉर्निंगच्या नेहमीच्या पर्यायात नव्हे, डब्ल्यूएक्स्ट्रा या जास्तीच्या पर्यायात. तो पर्याय मी चालू केला नव्हता, हा दोष माझाच.

तक्रार एकच. आठ बिटांच्या आवृत्तीला मजकूर अनसाइन्ड (ऋण न होणाऱ्या) बाइटांच्या पॉइंटरने (स्मृतीतल्या पत्त्याने) द्यावा लागतो, त्यामुळे साध्या कॅर पॉइंटरसाठी नवा कास्ट येतोच. तो मी एकाच रॅपर फंक्शनमध्ये कोंडला, आणि तिथे कॉन्स्ट (मजकूर बदलू न देणारी खूण) गळू नये म्हणून त्यासंबंधीची वॉर्निंगही लावली.

दोन प्रकारचे कास्ट मात्र मुद्दाम ठेवले आहेत. बाइट अक्षर आहे का हे तपासणाऱ्या इझअल्फाला अक्षर देण्यापूर्वीचा अनसाइन्ड कॅर काढला, तर कॅर साइन्ड असलेल्या यंत्रावर देवनागरीचे बाइट ऋण होऊन आत जातात, आणि ते तिला चालत नाहीत. दुसरा प्रिंटएफचा: तुकडा छापताना लांबी इंटच लागते, म्हणून त्या कास्टआधी आता कमाल मर्यादेची तपासणी आहे.